पुढचं पस्तीस, मागचं पन्नास

अक्का,

चाकं घेतली.

तुम्ही असतात तर लगेच विचारलं असतंत, "कोठलीं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "मजला न विचारतां?" तेव्हा आता बसून सगळं नीट सांगते. तुम्हाला अर्धवट सांगितलेलं कधी चाललं नाही. जन्मभर मुलींना फिजिक्स शिकवलेल्या बाईला 'साधारण', 'जवळजवळ' असले शब्द ऐकले की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. त्या दोन दिवसांबद्दल आणि हॉस्पिटलच्या त्या पॅसेजबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. पुढचं सगळं रीतसर पार पडलं. पेपरात फोटो आला. खाली तुमचं वय, शाळा, भावाचं नाव, सगळं बिनचूक होतं. तुम्ही सायकल चालवायचात हे मात्र नव्हतं. रघूला मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "पेपरात ते कसं दिसलं असतं?" बहीण त्याची गेली होती. त्याच्याशी तेव्हा काय भांडायचं? पण तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाला हेच पहिलं आठवेल, की पांढऱ्या वेणीवर हेल्मेट घातलेली एक किरकोळ बाई सकाळी सहाला आपल्या मेलकावेरी भागातल्या गल्लीतून सुसाट निघून जायची आणि दूधवाला तिला वाट करून द्यायचा.

सांगलीहून रघूशी लग्न करून मी या घरात आले तेव्हा दारात तुम्हीच होतात, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. "प्रवास सुखरूप जाहला की?" असं विचारलंत. मला वाटलं, कुठलं तरी जुनं नाटक चाललंय. घरात सगळेच तसं बोलायचे. तीनशे वर्षांपूर्वी तुमचे पूर्वज तंजावरला आले आणि बरोबर आणलेली मराठी तुम्ही तशीच जपून ठेवलीत, मध्ये मध्ये तमिळ घालून. माझी मराठी ऐकून तुम्ही सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि तुमची ऐकून मी मोरीत जाऊन हसायची. पहिली काही वर्षं आपलं एवढंच नातं होतं. तुम्ही शाळेत, मी माझ्या दातांच्या दवाखान्यात. भेट व्हायची ती ताटावर.

मग तुम्ही रिटायर झालात आणि तिसऱ्या आठवड्यात रोड सायकल घेऊन आलात. बारीक टायरची, वाकड्या हॅन्डलची. घर हादरलं. वर्षभरानं मलाही त्याच कंपनीची, मोठ्या मापाची एक घ्यायला लावलीत. मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यांची काळजी करता होय?" तुम्ही म्हणालात, "नव्हे गे. मजला सोबत पाहिजे." इतकं सरळ मला या घरात तोवर कोणी काही मागितलं नव्हतं. त्या दिवसापासून माझे रविवार तुमचे झाले.

कार्बनच्या चाकांचं खूळ तुम्ही कुठून आणलंत ते मला अजून कळलेलं नाही. एकदा जेवताना तुम्ही ताटली उभी धरलीत आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत मला शिकवायला लागलात. आपल्या सायकलींची चाकं ॲल्युमिनियमची, बुटक्या कडेची. कार्बनचं चाक हलकं, आणि त्याची कड उंच करता येते, तीस, चाळीस, पन्नास मिलिमीटर. कड जितकी उंच, तितकं चाक समोरचा वारा चांगला कापतं. आपल्याकडे चढ म्हणजे कालव्यावरचे पूल तेवढे, बाकी सगळं ताटासारखं सपाट. अशा रस्त्यावर ती चाकं पळत सुटतात. फक्त वारा बाजूनं आला की तीच उंच कड शिडासारखी वारा धरते आणि हॅन्डल हातातून ओढून घेते. सांबार गार होईपर्यंत हे चाललं होतं.

"पण आपल्याला कशाला पाहिजेत?" मी विचारलं. "आपण शर्यतीत थोड्याच जातो?"

"शुम्मा," तुम्ही म्हणालात.

त्या एका शब्दावर मी बरेच दिवस विचार केला. आमच्या सांगलीकडे त्याला 'उगीच' म्हणतात. पण 'उगीच' म्हणताना माणूस जरा ओशाळतो, काहीतरी चुकल्यासारखं बोलतो. तुमच्या 'शुम्मा'त ओशाळेपण नव्हतंच. तुम्ही अगदी ताठ बसून ते म्हणालात. तोवर तुम्ही जे जे घेतलं होतं त्याला कारण होतं. रघूचं शिक्षण, आईंची औषधं, घराचं छप्पर. कारण नसलेली एक वस्तू तुम्हाला हवी होती, आणि ती कशी असावी यावर तुम्ही दोन वर्षं विचार करणार होतात.

ती सुद्धा एकटीसाठी नव्हे. दोघींत एकच जोडी घ्यायची, असं तुम्हीच ठरवलंत. सायकली वेगळ्या मापाच्या, पण चाक इकडचं तिकडं पाच मिनिटांत बसायचं. एक रविवार तुमचा, एक माझा. मी विचारलं, दोघींना एकेक का नको? तुम्ही म्हणालात, "दोघीही जलद गेल्यों तर मागें वळून कोणास पाहावें?"

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. तुम्ही शेचाळीस किलोच्या आणि मी एक्याऐंशी. एकीला जे चाक चालेल ते दुसरीला चालेना.

गेल्या वर्षीच्या आडी महिन्यातली ती सकाळ आठवते? आडी म्हणजे वाऱ्याचा महिना. तुम्हाला पन्नासची कड हवी होती आणि मी रोज म्हणत होते, तुमच्या वजनाला वारा उचलून नेईल. एका रविवारी तुम्ही पिशवी घेऊन आलात. आत सनबोर्डाच्या हलक्या पुठ्ठ्यातून कापलेल्या गोल पट्ट्या. तीस, चाळीस आणि पन्नास मिलिमीटर रुंद. त्या पुढच्या चाकाच्या आऱ्यांना आतून चिकटवल्या की साधं चाकच उंच कडेचं होत होतं. "बोलून काय होईल? करूनच पाहूं," म्हणालात.

चोळपुरम् गाव मागे टाकून आपण अणैक्करैच्या पुलावर गेलो. कोळ्ळिडम नदीवरच्या धरणाचा तो लांब अरुंद पूल, त्यावर पश्चिमेचा वारा बाजूनं सरळ अंगावर येत होता. तुम्ही कठड्याला रुमाल बांधलात, खडूनं रस्त्यावर रेघ ओढलीत, आणि माझ्या हातात वही दिलीत. रेघेवरून तुम्ही सायकल चालवायची आणि किती वीत बाजूला सरकलात ते मी लिहायचं. धरणाचा वॉचमन धावत आला. इथे थांबायचं नाही, काय चाललंय म्हणून ओरडला. तुम्ही त्याला वर्गात बोलावं तसं तमिळमध्ये सांगितलंत, "प्रयोग चाललाय. तुम्ही त्या टोकाला उभे राहा आणि बस आली की हात वर करा." आणि तो खरंच जाऊन उभा राहिला!

तीसला तुम्ही जेमतेम हललात. चाळीसला दीड वीत. पन्नासची पट्टी लावून निघालात आणि पुलाच्या मध्यावर झोत आला. मी पाहिलं की हॅन्डल एकदम फिरलं, तुमचा पाय पेडलवरून सुटला आणि तुम्ही खांद्यानं कठड्यावर आपटलात. खाली नदी वाहत होती. मी धावत आले तोवर तुम्ही उभ्या होतात, चेहरा पांढरा पडलेला, कोपर खरचटलेलं. आणि काय म्हणालात? "लिही. चार वीत. आणखी एकदां करूं."

मी वही मिटली आणि म्हणाले, "बास झालं. साठीला आलात अक्का. या वयात कोणाला मागं टाकायचंय तुम्हाला?"

तुम्ही खाली बसून एकेक चिकटपट्टी नखानं काढलीत, सनबोर्ड पिशवीत भरलात, वॉचमनला नमस्कार केलात आणि निघालात. घरी येईपर्यंत तुम्ही पुढे होतात आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत.

मी घाबरून बोलले होते. घाबरलेला माणूस जवळच्याच माणसाला टोचतो. पण हे मी तेव्हा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणेन, मग पुढच्या रविवारी म्हणेन, असं करत राहून गेलं. आज म्हणते. चूक माझी होती अक्का. कोणाला मागे टाकायला तुम्हाला ती चाकं नको होती, हे मला त्या पुलावरही ठाऊक होतं.

महिनाभर तुम्ही चाकांचं नाव काढलं नाहीत. सायकल चालवायचो, पण तुम्ही पावसावर बोलायचात, आईंच्या पायाच्या सुजेवर बोलायचात. मला ते चाकांवरच्या भांडणाहून जड जात होतं. मग एका संध्याकाळी रघूचे एक अशील कॉफीला आले होते. तुम्ही आतून कागद घेऊन आलात आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे ठेवलात.

"पुढचें पस्तीस, मागचें पन्नास," तुम्ही म्हणालात. "हॅन्डल पुढच्या चाकानें फिरतें, मागच्याने नव्हे. पुढें बुटकें असलें म्हणजे मी पडत नाही. मागें उंच असलें म्हणजे वेगही मिळतो. आणि मागच्या चाकास आरे जास्त पाहिजेत, चोवीस. हिचें वजन एक्याऐंशी आहे."

त्या अशिलांनी कॉफीचा टंबलर तोंडाला लावला तो खाली ठेवेनात. मी उठून आत गेले. रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दाराशी आलात, चौकटीला हात लावून उभ्या राहिलात.

"वजन सांगितलें म्हणून राग?"

"परक्या माणसासमोर, अक्का?"

"तें चुकलें," तुम्ही म्हणालात. चूक लगेच कबूल केलीत; मी मात्र, बघा, वर्ष लावलं. मग पुढे, "पण एक सांग. मजविषयीं तू पुलावर भ्यालीस तें चालतें. चाक तुज्या खालीं मोडेल म्हणून मी भ्यालें, तर नाही?"

मला हसू आलं. मी तोंड फिरवलं, तरी तुम्हाला दिसलंच. खाली जाऊन तुम्ही स्वतः डिकॉक्शन काढलंत आणि माझी कॉफी वर आणून दिलीत. तुम्ही केलेली कॉफी फार कडू असायची. हे सुद्धा मी कधी सांगितलं नाही, पण त्याची रुखरुख नाही.

त्यानंतर एकच मुद्दा उरला होता. आवाज. पाय थांबवले की मागच्या चाकाच्या हबमधून, म्हणजे मधल्या तुंब्यातून, टर्रर आवाज येतो. काही चाकांचा अगदी हळू असतो, काहींचा इतका मोठा की माणसं मागे वळून पाहतात. मला मुका हब हवा होता. पहाटेच्या शांत रस्त्यावर, भातशेतांमधून जाताना आपलं यंत्र कशाला कोकलायला हवं? तुम्हाला मोठा हवा होता. "आपण आलों तें लोकांस कळूं दे की," असं तुमचं म्हणणं. त्यावर आपण पोंगलपासून भांडत होतो. तिरुचीच्या दुकानातल्या सेल्वमला मी मुक्या हबसाठी मेसेज करायचा आणि तुम्ही मोठ्यासाठी. तो बिचारा दोघींना 'ओके मॅडम' लिहायचा. शेवटच्या शनिवारीही आपण त्यावरच बोलत झोपायला गेलो. तुम्ही जिन्यावरून म्हणालात, "उद्यां ठरवूं." रविवार उजाडला तो वेगळाच.

तेराव्यानंतर आठवड्यानं सेल्वमचा फोन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. "मॅडम, ठरलं का? मोठ्या मॅडम काय म्हणतात?" मी सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. सावकाश बघू." मी फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की सावकाश मला नको होतं. मी दुसऱ्याच दिवशी दवाखाना बंद ठेवला आणि बसनं तिरुचीला गेले. रघू म्हणाला, "आत्ता? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "बाजारात गेले म्हणतील." मग त्यानंच मला बसस्टँडवर सोडलं आणि खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

सेल्वमनं काउंटरवर चाकं मांडली. अक्का, इतकी काळी आणि इतकी हलकी! एका बोटावर उचलली मी. तो भला माणूस आहे. म्हणाला, "आता तुम्ही एकट्याच चालवणार. तुमच्या वजनाला पुढेसुद्धा पन्नास चालेल, वाऱ्याचं काही होणार नाही. आणि हा हब बघा, तुम्हाला हवा तसा, आवाजच नाही." त्यानं चाक फिरवलं. खरंच, सुईचासुद्धा आवाज नाही. पोंगलपासून मी जे मागत होते ते समोर फिरत होतं.

आणि मी म्हणाले, "नको. पुढे पस्तीसच. आणि हब आवाजाचा दाखवा."

"मॅडम, तुम्हीच तीनदा लिहिलं होतंत, आवाज नको म्हणून."

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "पण बघा, पहाटे रस्त्यावर माणसं चालत असतात, म्हाताऱ्या देवळात जात असतात, त्यांना आपण आलेलं कळायला नको? घंटा कितीदा वाजवणार?" आणि मी थांबेचना. पुढच्या चाकाचं, वाऱ्याचं, कडेचं, सगळं हातवारे करून त्याला समजावत होते. अर्ध्यात मला ऐकू आलं की हे मी बोलत नाहीये. इतके महिने ज्याच्याविरुद्ध मी भांडले तो सगळा मुद्दा मला तोंडपाठ होता, तुमच्या वाक्यांच्या क्रमासकट. समोर तुम्ही नव्हतात म्हणून तुमची बाजू मोकळी पडली होती, आणि ती तशी पडलेली मला बघवेना. सेल्वमनं मान खाली घालून आवाजाचा हब काढला. बिल करताना त्यानं डोळे पुसले, मी नाही पुसले. मला फार बरं वाटत होतं.

तुम्हाला श्रद्धांजली म्हणून घेतली असं मात्र समजू नका. येताना बसमध्ये मांडीवर खोकं धरून मी नीट विचार केला. पुढचं चाक बुटकंच बरं. त्या पुलावर मी वही धरून उभी होते; झोत आला की काय होतं ते मी पाहिलंय. आणि आरे चोवीस आहेत मागे. तुम्ही सांगितले तेवढेच. रघूला मी माझं वजन सांगून टाकलं, आता ब्याऐंशी आहे. तो म्हणाला, "मला काय सांगतेस? चाकाला सांग." तुमचाच भाऊ आहे.

तुमची सायकल तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर आहे, जुन्या चाकांवर. रघू रोज सकाळी ती पुसतो. चालवत नाही, कोणाला हात लावू देत नाही. त्याचं त्याला ठरवू दे.

रविवारी सहाला निघाले. वारा होताच. मेट्टूर धरणाचं पाणी आलंय, कालवे भरून वाहतायत, लावणीच्या बाया शेतात उतरल्या होत्या. पहिली काही मिनिटं मला नुसती भीती वाटत होती, टायरखाली खडा आला तरी. मग सपाट रस्ता लागला आणि सायकल माझ्या हातात राहिली नाही. तुम्ही ताटलीवर बोट फिरवून जे सांगत होतात ते पायांना कळलं. कोणी पाठीला हात लावून हळूच पुढे ढकलत असल्यासारखं वाटत होतं. मी मागे वळून पाहिलं. सवय आहे, दुसरं काय.

चोळपुरम् ओलांडलं आणि वळणावर रस्ताभर बदकं. शेतांतून हाकत नेतात तो कळप, दोनतीनशे तरी असतील, आणि त्यांच्यामागे हातात लांब काठी घेतलेली एक बाई. ब्रेक लावला आणि पाय थांबवले. मागून टर्रर आवाज निघाला, असा की मीच दचकले. बदकांनी सगळ्या माना एकदम वर केल्या, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंच्या कालव्यांत धपाधप उड्या मारल्या. रस्ता मोकळा! ती बाई काठी आपटत तमिळमध्ये मला शिव्या द्यायला लागली. कसलं यंत्र आणलंयस, अम्मा, म्हणाली. आणि मला हसू फुटलं. आवरेचना. सायकल बाजूला घेऊन, हॅन्डलवर डोकं टेकून मी हसत राहिले. शेवटी ती बाईसुद्धा हसायला लागली. मग दोघींनी मिळून बदकं बाहेर काढली. चिखलात बूट भरले माझे.

नंतर पुलावर गेले. झोत आला. पुढचं चाक थोडं हललं, हातानं सावरता येईल इतकंच. तुमचं गणित बरोबर होतं.

घरी आल्यावर रघूनं विचारलं, "कशी आहेत?" मी म्हटलं, "चांगली आहेत." बदकांचं त्याला सांगितलं, बुटांचं सांगितलं. हसल्याचं नाही सांगितलं. घरात अजून सगळे हळू आवाजात बोलतात, आई दुपारी तुमच्या खोलीत जाऊन बसतात. त्यांच्यापाशी बोलायला थोडे दिवस जावे लागतील.

पण मी हसले अक्का, भर रस्त्यात, पोट दुखेपर्यंत. ते आधी तुम्हाला सांगितलं.